सासऱ्यांच्या व्हिएतनामच्या स्लाइड्स: स्कॅनर घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई ओहायोत असतात. सासरे अमेरिकन, वय ७८. १९६८-६९ मध्ये ते २५व्या इन्फंट्री डिव्हिजनमधून व्हिएतनामला गेले होते, कु चीच्या तळावर. घर बदलताना त्यांचं एक खोकं निघालं. त्यात कॅरोसेल प्रोजेक्टरचे दोन गोल ट्रे, कोडॅकच्या पिवळ्या डब्या, चिकट पानांचा एक अल्बम, पत्रांचा गठ्ठा, तळहातावर मावतील अशी टेपची दोन रिळं आणि एक न धुतलेला रोल आहे. ५० वर्षं या विषयावर अवाक्षर न काढलेले सासरे आता स्वतःच सुनेला म्हणाले, "याचं काहीतरी कर." तर स्कॅनर कुठला घ्यावा, अंधूक स्लाइड्स टाकून द्याव्यात का, त्यांच्याशी बोलायचं कसं, आणि दोन-तीन फोटो मृतदेहांचे आहेत त्यांचं काय करायचं, हे ताईंचे प्रश्न आहेत.

घरगुती छायाचित्रं जपणं आणि त्यांच्या मालकांच्या आठवणी रेकॉर्ड करणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. व्हिएतनामला गेलेल्या पिढीची खोकी माझ्याकडे सतत येतात, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

स्कॅनर इतक्यात घेऊ नका. स्लाइड पुढच्या वर्षी स्कॅन केली तरी चालते, पण सासऱ्यांची आठवण आणि बोलायची तयारी पुढच्या वर्षी अशीच असेल असं कुणी सांगावं? बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. मुलं उत्साहाने सगळं स्कॅन करतात, 'चांगले' फोटो वेगळे काढतात, स्लाइड्सच्या पुठ्ठ्याच्या चौकटी फेकतात आणि मग एक चकचकीत पेन ड्राइव्ह म्हाताऱ्याच्या हातात ठेवतात. तोवर कुठला फोटो कुठल्या फोटोनंतरचा हे सांगणारं सगळं कचऱ्यात गेलेलं असतं.

आधी खोकं जसं आहे तसं, वरून, मोबाइलवर टिपून घ्या. मग एकेक थर उचलताना पुन्हा. दोन ट्रेमधल्या स्लाइड्स अजिबात हलवू नका. ट्रेमधला क्रम हा त्यांनी परत आल्यावर कधीतरी बैठकीच्या खोलीत पडदा लावून आईवडिलांना, मित्रांना दाखवलेला क्रम आहे. म्हणजे १९६९-७० मध्ये त्यांनी स्वतः सांगितलेली गोष्ट. काय दाखवायचं आणि काय नाही हे त्यांनी तेव्हा ठरवलं होतं. पिवळ्या डब्यांत राहिलेल्या स्लाइड्स म्हणजे त्या गोष्टीतून वगळलेला भाग. या दोन ढिगांची सरमिसळ झाली की ती पुन्हा निवडता येत नाही.

आता एक स्लाइड हातात घ्या, कडेला धरून. कोडॅकने धुतलेल्या स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर बहुधा महिना आणि वर्ष उमटवलेलं असतं, शिवाय रोलमधला क्रमांकही. महिना आणि क्रमांक मिळाले की विखुरलेल्या स्लाइड्समधून २० किंवा ३६ चित्रांचा मूळ रोल पुन्हा जुळवता येतो. माझ्या कामातला हा सगळ्यात आवडता भाग आहे. १४ नंबरला हेलिकॉप्टर, १५ला तेच जरा दूर, १६ला रिकामं आकाश. आता ते १६ नंबरचं आकाश 'वाया गेलेलं' राहत नाही. कुणीतरी ते हेलिकॉप्टर दिसेनासं होईपर्यंत कॅमेरा खाली घेतला नव्हता, एवढं तरी त्यातून कळतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं: अंधूक, काळी, हललेली एकही स्लाइड टाकायची नाही.

पण चौकटीवरचा महिना फोटो काढल्याचा नसतो, धुतल्याचा असतो. रोल महिनाभर पिशवीत पडून राहायचा, मग टपालाने प्रयोगशाळेत जायचा. जून ६९ छापलं असेल तर चित्र मेचं असेल, एप्रिलचंही असेल. आणखी एक गोष्ट घरच्यांना ठाऊक नसते. कित्येक सैनिक धुतलेल्या स्लाइड्स परत स्वतःकडे न मागवता आईवडिलांच्या पत्त्यावर पाठवायला सांगत. म्हणजे ते फोटो काढणाऱ्याच्या आधी त्याच्या आईने पाहिले. तुमच्या सासऱ्यांना हे जरूर विचारा. आई बघणार हे माहीत असताना माणूस कशाचे फोटो काढतो आणि कशाचे टाळतो, यावर ते बरंच बोलतील असा माझा अंदाज आहे.

फिल्मचं नावही चौकटीवर असतं. कोडॅक्रोम असेल तर निर्धास्त राहा. अंधारात ठेवलेल्या कोडॅक्रोमचे रंग पन्नास-साठ वर्षांनीही कालच्यासारखे दिसतात. मात्र प्रोजेक्टरच्या दिव्याखाली हीच फिल्म इतरांपेक्षा लवकर फिकी पडते, म्हणून जुना प्रोजेक्टर सापडला तरी हौसेने लावू नका. त्या काळची एक्टाक्रोम उलट. ती अंधारातही रंग सोडते आणि सगळं चित्र गुलाबी-लालसर होत जातं. तेव्हा स्कॅनिंगला सुरुवात कराल तेव्हा एक्टाक्रोम आधी, मग रंगीत कागदी प्रिंट्स, कोडॅक्रोम शेवटी.

स्कॅनिंगचं उरलेलं एका दमात सांगून टाकते. ३५ मिमी स्लाइडसाठी ४००० पीपीआयच्या (इंचामागे चित्रबिंदू) आसपास, टिफ स्वरूपात एक मूळ प्रत आणि वाटायला जेपेग. इन्फ्रारेडवर चालणारी धूळ काढायची सोय कोडॅक्रोमला आणि कृष्णधवल फिल्मला बंद ठेवा, नाहीतर ती चित्राचाच भाग धूळ समजून पुसते. प्रत्येक चौकटीच्या दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढा, कारण त्यांचं अक्षर तिथे आहे. स्लाइड्स ठेवायला पीव्हीसीचे पारदर्शक कप्पे नकोत, पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारी फिल्म असेल तर ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करा, फारच गरज पडली तर दात साफ करायचा दोरा फोटोमागून हळू सरकवा. झालं.

स्कॅनरपेक्षा घाई आहे ती त्या दोन रिळांची. तीन इंची रीळ म्हणजे जवळपास नक्कीच आवाजी पत्र. सैनिक आणि घरचे एकमेकांना बोलून टेप पाठवत. १९६५च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसने युद्धभूमीवरच्या सैनिकांना टपाल मोफत केलं, त्यात अशा टेपही होत्या. पाकिटावर तिकिटाच्या जागी हाताने 'फ्री' लिहिलं की झालं. कुठून तरी जुना टेपरेकॉर्डर मिळवून ती वाजवू नका. फिल्म फाटली तरी तिचा तुकडा उरतो, पण टेप यंत्रात गुंतून ताणली गेली की त्या जागचा आवाज गेला तो गेलाच. ध्वनिमुद्रणं वाचवणाऱ्या लॅबकडे पाठवा आणि ऐकण्याआधी सासऱ्यांना विचारा. त्यात कदाचित २१ वर्षांचा मुलगा आईशी बोलतोय, किंवा आता हयात नसलेली आई मुलाशी.

पत्रांची पाकिटंही जपा. लोक पत्र ठेवतात आणि पाकीट फेकतात. पाकिटावरचा शिक्का हा तारखेचा सगळ्यात भरवशाचा पुरावा असतो आणि परतीच्या पत्त्यातला 'एपीओ (लष्करी टपाल कार्यालय) सॅन फ्रान्सिस्को'पुढचा आकडा त्या वेळी तुकडी कुठे होती हे शोधायला उपयोगी पडतो.

आता बोलण्याविषयी. तुम्हाला धास्ती वाटतेय की युद्धाचे फोटो म्हणजे सगळं रक्तरंजित असेल. त्या खोक्यात बहुतेक युद्ध दिसणारच नाही. गस्तीवर असताना हातात रायफल असते. कॅमेरा घेतलाच तर तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पिशवीच्या तळाशी, आणि गोळीबार सुरू झाल्यावर तो काढायला कुणाला सुचतंय? फोटो निघतात ते तळावर परतल्यावर. वाळूच्या पोत्यांसमोर उघड्या अंगाने उभी असलेली पोरं, बिअरचे डबे, वाळत घातलेले कपडे, कुणीतरी पाळलेलं कुत्रं, रस्त्याकडेची मुलं, हेलिकॉप्टरच्या दारातून दिसणारी भातखाचरं. शिवाय व्हिएतनामला गेलेल्या सुमारे २७ लाख अमेरिकनांपैकी बहुसंख्य लोक स्वयंपाकी, ट्रकचालक, कारकून, मेकॅनिक, रेडिओवाले अशा कामांवर होते. तळावरच्या पीएक्स नावाच्या लष्करी दुकानांत आणि हाँगकाँग, टोकियो, बँकॉकच्या सुट्टीत जपानी कॅमेरे अमेरिकेपेक्षा स्वस्त मिळत. विशीतल्या कारखान्यातल्या पोराकडे आयुष्यात पहिल्यांदा चांगला कॅमेरा आला होता. त्याने त्यातून मित्र टिपले.

म्हणून विचारायची सुरुवातही तिथूनच करायची. माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: हा फोटो कुणी काढला? फोटोत ते स्वतः असतील तर कॅमेऱ्यामागे दुसरा कुणीतरी होता. त्याचं नाव निघतं, मग तो कुठल्या गावचा, मग त्याचं पुढे काय झालं. दुसरा प्रश्न: चौकटीच्या बाहेर, डावीकडे काय होतं? हे विचारलं की माणूस चित्राकडे बघणं सोडून त्या जागेत उभा राहतो. तिसरा वासाचा. मी एका गृहस्थांच्या स्लाइड्स बघत होते. एका चित्रात कापलेली अर्धी पिंपं, काळा धूर आणि काठीने ढवळणारे दोघं. मला वाटलं काहीतरी पेटलंय. ते हसले. संडासाखालची पिंपं ओढून, डिझेल ओतून मैला जाळायचं काम, तळावरचं सगळ्यात नावडतं. त्या डिझेलच्या वासावर ते कितीतरी वेळ बोलले. अजूनही ट्रकमागे गाडी थांबली की काच वर करतात म्हणाले. मग ढवळणाऱ्या दुसऱ्याचं नाव सांगितलं. मग थांबले. मीही थांबले. त्या मुलाविषयी त्यांनी घरी कधीच सांगितलं नव्हतं आणि मी थेट त्याच्याबद्दल विचारलं असतं तर मलाही सांगितलं नसतं.

किती जणांना मारलं, हे विचारायचं नाही. नातवंडं विचारतात, त्यांना आधीच समजावून ठेवा. 'तेव्हा तुम्हाला कसं वाटलं' हेही नको. त्यावर दूरदर्शनवर ऐकलेली उत्तरं येतात. जेवणाचं विचारा, पावसाचं विचारा, झोपेचं विचारा. पावसाचं तर तुम्हीच विचारा, कारण सासऱ्यांच्या गावात कुणाला महिनोन्महिने पडणारा पाऊस म्हणजे काय हे सांगून कळलं नसेल. कु चीकडे मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. तुम्ही सून आहात, परक्या देशातून आला आहात, हे इथे फायद्याचं आहे. मुलाला बापाने काय सांगायचं नाही हे ठरलेलं असतं, आणि मुलानेही काय विचारायचं नाही हे. तुम्हाला तळावरची झोपडी कशी असते, बंकरवरची पोती कोण भरायचं, हे खरोखरच माहीत नाही. ज्याला माहीत नाही त्याला समजावून सांगताना माणूस तपशिलात शिरतो.

सकाळची वेळ ठेवा, दोघंच बसा, एका बैठकीत थोड्याच स्लाइड्स घ्या. त्यासाठी स्कॅन लागत नाहीत. लाइट पॅड नावाची प्रकाशाची पातळ पाटी आणि एक भिंग पुरतं, किंवा स्लाइड पाटीवर ठेवून मोबाइलने काढलेला फोटो टॅबलेटवर मोठा करून दाखवा. पहिल्या दिवसापासून, त्यांना सांगून, रेकॉर्डिंग सुरू ठेवा. 'आज नुसतं बघू, पुढच्या वेळी रेकॉर्ड करू' म्हटलं की सगळ्यात ताजं पहिल्याच दिवशी हवेत जातं. स्लाइडचा नंबर मोठ्याने बोला, नाहीतर नंतर ऐकताना 'हा बघ, हा' यातला हा कोण ते कळणार नाही. नावं ते उच्चारतील तशीच लिहा. सोबत्यांची खरी नावं कित्येकदा माहीतच नसतात, टेक्स, डॉक, प्रोफेसर अशी टोपणनावं असतात. तीही लिहा.

बोलल्यानंतर रात्री झोप उडाली, चिडचिड वाढली, तर काही आठवडे थांबा. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी १९७९ पासून व्हेट सेंटर आहेत, तिथे समुपदेशन मोफत मिळतं आणि बोलणारे अनेकदा स्वतः सैनिक असतात. जवळचं सेंटर आधीच शोधून ठेवा.

त्यांची आठवण आणि चौकटीवरची तारीख जुळणार नाही, हे गृहीत धरा. ते म्हणतील हा टेटच्या (व्हिएतनामी नववर्षाच्या) हल्ल्याच्या वेळचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी १९६८, आणि पुठ्ठ्यावर असेल मार्च ६९. तिथल्या तिथे दुरुस्ती करू नका. १९६९च्या फेब्रुवारीतही टेटच्या सुमारास हल्ले झाले होते, तेव्हा ते बरोबरही असतील. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवा.

तपासायची साधनं फोटोतच असतात. २५व्या डिव्हिजनचा खांद्यावरचा बिल्ला लाल अळूच्या पानावर पिवळी वीज असा. सैनिक त्याला चेष्टेने 'इलेक्ट्रिक स्ट्रॉबेरी' म्हणत. पुढे बिल्ले काळ्या-हिरव्या रंगात आले, लांबून दिसू नयेत म्हणून. आकाशात सडपातळ, पुढे-मागे दोनच माणसं बसणारं कोब्रा हेलिकॉप्टर असेल तर चित्र १९६७च्या उत्तरार्धानंतरचं. पत्त्यांच्या डावात नोटा दिसत असतील तर भिंग घ्या. सैनिकांना डॉलरऐवजी लष्करी चलनपत्रं मिळत आणि काळ्या बाजाराला आळा घालायला त्यांची मालिका एका दिवसात अचानक बदलली जाई. ६६१ क्रमांकाची मालिका २१ ऑक्टोबर १९६८ ते ११ ऑगस्ट १९६९ एवढीच चालली. तुमच्या सासऱ्यांच्या काळाला अगदी बेतशीर बसते. पलंगामागे भिंतीवर तुकड्या-तुकड्यांनी रंगवलेलं एखादं चित्र असेल तर तेही मोठं करून बघा. लष्करात वर्षभराची नेमणूक असे, मरीन्सना १३ महिन्यांची, आणि परतीचे दिवस मोजायला रोज एक तुकडा रंगवायची पद्धत होती. किती तुकडे कोरे आहेत ते मोजलं आणि परतीची तारीख माहीत असली की फोटोचा दिवस हाती येतो.

माती आणि क्षितिज मात्र लोक विसरतात. कु चीच्या उन्हाळी फोटोंत सगळं आपल्या कोकणातल्या तांबड्या रस्त्यांसारखं दिसतं, बूट, तंबू, भुवया, सगळं लाल. आणि उत्तर-पश्चिमेकडे, ताय निन्हच्या सपाट मुलखात, एकच एक डोंगर उभा आहे, नुई बा देन, उंची ९८६ मीटर. अमेरिकनांचं रेडिओ केंद्र शिखरावर, त्यांचेच लोक पायथ्याला आणि मधल्या उतारावरच्या गुहांत व्हिएत काँग, म्हणजे कम्युनिस्ट गनिम, अशी तिथली अजब स्थिती होती. त्या मुलखातल्या फोटोंत हा डोंगर कुठे ना कुठे डोकावतो. त्याची बाजू आणि आकार बघून, आजच्या उपग्रह नकाशावर रेघ ओढून, फोटो साधारण कुठून काढला हे ठरवता येतं. सरळ रांगांतली झाडं दिसली तर रबराचा मळा. २५व्या डिव्हिजनची एक ब्रिगेड दाऊ तिएंगला मिशेलिन या टायर कंपनीच्या मळ्याशेजारीच होती.

कागदपत्रंही मागवा. सासऱ्यांकडे डीडी-२१४ हे सेवामुक्तीचं प्रमाणपत्र असेलच. पूर्ण सेवापुस्तिका सेंट लुइसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडून मिळते. 'तिथे आग लागून सगळं जळालं' असं लोक सांगतात ते ऐकू नका. १२ जुलै १९७३ची ती आग खरी, पण तिच्यात गेली ती मुख्यतः १९१२ ते १९६० दरम्यान सुटलेल्या लष्करी सैनिकांची आणि १९६४पर्यंतच्या हवाई दलातल्या काहींची कागदपत्रं. अर्जावर सही त्यांची लागेल. सेवा संपून ६२ वर्षं होईपर्यंत ही कागदपत्रं इतरांना सहज खुली होत नाहीत, तेव्हा ते आहेत तोवर मागवणं सोपं. त्यांच्या बटालियनच्या रोजच्या नोंदवह्या मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. वेळ, नकाशावरचे आकडे आणि दोन ओळींत घडलेली घटना, एवढंच असतं. पण स्लाइडचा महिना ठरला की त्या महिन्याच्या नोंदी आणि सासऱ्यांची आठवण समोरासमोर ठेवता येतात. डिव्हिजनचं 'ट्रॉपिक लाइटनिंग न्यूज' नावाचं साप्ताहिकही निघायचं, त्याचे अंक जरूर चाळा.

जाता जाता आपल्याकडचं. १९५४च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनाममध्ये जो आंतरराष्ट्रीय देखरेख आयोग बसला त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. १९७३पर्यंत भारतीय लष्करी अधिकारी आणि जवान हनोईत, सायगावात आणि आडगावच्या चौक्यांवर राहिले. अमेरिकी सैनिकाला कॅमेरा घेऊन हनोईत फिरता येत नव्हतं, आपल्या लोकांची तिथे नेमणूक होती. हे वाचणाऱ्या कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत तसा अल्बम असेल तर वरचं सगळं त्यालाही लागू आहे, आणि तो जास्त दुर्मीळ आहे.

आता मृतदेहांचे फोटो. फाडू नका, जाळू नका, नेटवर टाकू नका. वेगळ्या पाकिटात ठेवा, बाहेर 'विचारल्याशिवाय उघडू नये' लिहा आणि मूळ क्रमात त्या जागी चिठ्ठी ठेवा. सासऱ्यांसमोर ते मुद्दाम आणू नका. क्रमाने बघताना तिथे पोचाल तेव्हा सांगा की इथे काही फोटो आहेत, पाहायचेत का? ते नको म्हणाले तर पुढे जा. असे फोटो पुष्कळांकडे आहेत. कित्येकदा ते स्वतः काढलेलेही नसतात, तळावर प्रती काढून हातोहात फिरत असत. हे विचारून घेणं महत्त्वाचं, कारण घरचे उगाच नको ते कल्पून बसतात.

खोक्यात अनोळखी व्हिएतनामी माणसाचा लहान पासपोर्ट आकाराचा फोटो, डायरी, ओळखपत्र, कविता लिहिलेला कागद असं काही निघालं तर खास लक्ष द्या. मेलेल्या शत्रूच्या खिशातून अशा वस्तू आठवण म्हणून घेतल्या जात. पलीकडच्या बाजूचे लाखांच्या घरातले लोक अजून बेपत्ता आहेत आणि त्यांच्या घरी कदाचित एकही फोटो नाही. डांग थुई त्राम ही हनोईची तरुण डॉक्टर २२ जून १९७० रोजी क्वांग न्गाईत मारली गेली. तिच्या डायऱ्या एका अमेरिकी सैनिकाने ३५ वर्षं जपल्या आणि २००५ मध्ये त्यांच्या प्रती तिच्या म्हाताऱ्या आईपर्यंत पोचल्या. मूळ वह्या आज टेक्सास टेक विद्यापीठाच्या व्हिएतनाम संग्रहात आहेत. बिएन होआच्या विमानतळाजवळची १९६८च्या टेटमधली सामूहिक दफनभूमी २०१७ मध्ये सापडली, तीही अमेरिकी माजी सैनिकांनी दिलेल्या माहितीच्या आधारे. तेव्हा कंटाळवाण्या दिसणाऱ्या तारेच्या कुंपणाच्या फोटोलाही जागा आणि तारीख लिहून ठेवा.

हेच त्यांच्या स्वतःच्या सोबत्यांबद्दल. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाच्या काळ्या भिंतीवर मृत आणि बेपत्ता सैनिकांची ५८ हजारांवर नावं आहेत आणि स्मारकाच्या संस्थेने त्यातल्या प्रत्येकाचा निदान एक फोटो जमवला आहे. पण त्यातले कित्येक शाळेच्या वार्षिकातले, टाय लावलेले. वाळूच्या पोत्यावर बसून हसणारा तोच मुलगा तुमच्या सासऱ्यांच्या ट्रेमध्ये असू शकतो आणि त्याच्या बहिणीने तो फोटो कधीच पाहिला नसेल. पाठवायचा की नाही हे सासऱ्यांनी ठरवायचं. काहींना ते जमत नाही, आपण का वाचलो या प्रश्नाशी ते फार जवळचं असतं.

मूळ वस्तू कुठे द्यायच्या याची घाई नाही, पण दोन पत्ते सांगते. काँग्रेसच्या ग्रंथालयाचा व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट निदान ३० मिनिटांची, काटछाट न केलेली मुलाखत घेतो, किंवा १० वा अधिक मूळ फोटो अथवा पत्रं. तुम्ही घरी केलेलं रेकॉर्डिंग चालतं, फॉर्म भरावे लागतात. आणि टेक्सासमधल्या लबक शहरातला टेक्सास टेकचा संग्रह, जिथे अशा वैयक्तिक स्लाइड्स मोठ्या संख्येने आहेत आणि बऱ्याच नेटवर बघता येतात. माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण तिथे तुमच्या सासऱ्यांच्या स्लाइड्सशेजारी त्याच तळावर त्याच वर्षी काढलेल्या इतरांच्या स्लाइड्स सापडतात. घरच्यांसाठी प्रती ठेवा, आणि कुठले फोटो कधीपर्यंत बंद ठेवायचे हे देतानाच लेखी करून घ्या.

राहिला तो न धुतलेला रोल. डबीवर कोडॅक्रोम लिहिलं असेल तर रंग मिळणार नाहीत. त्याची प्रक्रिया जगात कुठेच चालत नाही, शेवटची प्रयोगशाळा कॅन्ससमधल्या पार्सन्सची, तिने २०१०च्या अखेरीस नवे रोल घेणं थांबवलं. जुन्या फिल्मचं खास काम करणाऱ्या काही लॅब अशा रोलमधून कृष्णधवल चित्र काढून देतात, कधी चार चित्रं ओळखू येतात, कधी नुसतं धुकं. डबी उघडून बघू नका, फिल्म ओढून तर मुळीच नाही. डबीचा फोटो काढा, फिल्मचं पूर्ण नाव लॅबला आधी कळवा आणि रोल पाठवण्याआधी सासऱ्यांचा होकार घ्या. तो ५० वर्षं धुवायला का दिला नाही याला कदाचित काही कारण नसेल, कदाचित असेल.